मल्याळ्यांच्या चर्चचा कोबा

कोयनेच्या धरणावर कामाला आलेल्या मल्याळ्यांनी वसाहतीत आपलं ऑर्थोडॉक्स चर्च बांधलं, तवा त्याच्या जमिनीचा कोबा म्या घोटला. मी आकाराम, आष्ट्याचा गवंडी. माझ्या हातचा कोबा म्हंजे आरसा, उगं सांगत न्हाई. त्या लोकांच्यात बाकडी नसत्यात. चपला भाईर काढायच्या आन् तास-दीड तास उगवतीकडं तोंड करून अनवानी उभं ऱ्हायाचं.

एकसष्ट साली धरणाचा बोगदा ढासळला तवा त्यांची सहा मानसं गेली. त्याच दिशी माझा जालिंदर नाहीसा झाला. सकाळी पोरगं म्हनत व्हतं, आज बोगद्यात जात न्हाई. म्या मुस्काटात देऊन त्याला धाडलं. ठेकेदार म्हनला, "तुझं पोरगं कामावर आलंच न्हाई. पळालं आसंल." मला तेच बरं वाटलं. पळालंय म्हनल्यावर त्याच्यासाठी ढिगारा कोन उपसतंय! माझी बायको जाईबाई तेवढी रोज म्हनायची, "तुमी घालवलंय, तुमीच परत आना."

चौसष्ट साली काम आटपलं, मल्याळी गेले. रिकाम्या चर्चात सिमेटाची पोती रचली आन् किल्ली माझ्याकडं आली. एक दिवस सकाळी कुलूप काढलं, तर सिमेटाच्या धुरळ्यात अनवानी पावलं. सहा जोड्या, वळीनं, उगवतीकडं तोंड. आत आल्याली न्हाईत, भाईर गेल्याली न्हाईत. नुसती उभी.

कुना भाड्याची मस्करी म्हनून म्या शिव्या हासडल्या, झाडून काढलं.

दुसऱ्या दिशी पुन्हा सहा. आन् मागं, कोपऱ्यात, सातवी जोडी. रुंद पंजा, डावी करंगळी शेजारच्या बोटावर चढल्याली. बापाला काय सांगाय लागतंय व्हय?

मी त्या पावलांम्होरं बसलो. "जालू, चुकलं रं माझं. घरला चल." तीन वर्सांत पयल्यांदा म्हनालो. माझीच मला लाज वाटली.

तिसऱ्या दिशी सहा जोड्या तशाच. सातवी दाराकडं वळली व्हती, आन् उंबरा वलांडून गेली व्हती.

मी घराकडं पळत सुटलो.

जाईबाई भाकरी थापत व्हती. डोळ्यात पानी, तोंडावर हसू.

"आवं, पोरगं आलंय," ती हळू म्हनाली. "आत हाय."

"कसं हाय?"

"लय गार पडलंय. जेवतो म्हंतंय. पन तुमाला भेटायचं न्हाई म्हंतंय."

म्या आतल्या खोलीचं दार ढकललं. आतनं कुनीतरी हळूच धरून ठेवलं व्हतं.