डबीतली ऊब

बारामतीच्या एमआयडीसीकडे वळताना उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला, की नीळकंठ मोटारसायकल बंद करून स्वस्थ उभा राहायचा. हॉर्न वाजवत नसे. सकाळी चिडलं की दिवसभर हात स्थिर राहत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

तो वेल्डर होता, पण ठिणग्या उडवणारा नव्हे. वडिलांनी वालचंदनगरला जाडजूड पत्रे जोडले. तो विमानाच्या इंधनाच्या बारीक नळ्या आणि छातीत बसवायच्या पेसमेकरच्या टायटॅनियमच्या डब्या जोडायचा. काचेची बंद पेटी, आत आरगॉन वायू, पेटीतच शिरलेले रबरी हातमोजे, डोळ्याला मायक्रोस्कोप. लेसरचे ठिपके पडत जात आणि डबीचे दोन भाग एक होत. बंद झालेली डबी पुन्हा उघडायची नसते.

हे काम त्याच्यासारखं कारखान्यात कुणाला जमत नव्हतं. मग राजेश्वरी आली.

ती पळसदेवची. बंगळूरला हेच काम करायची. आई आजारी पडली म्हणून गावाकडे परतली होती. मालक अद्वय सरांनी तिला शेजारची पेटी दिली. तिच्या जोडात खोट सापडावी म्हणून नीळकंठ जेवणाच्या सुट्टीतही मायक्रोस्कोप सोडत नसे. खोट सापडली नाही.

एके दिवशी तपासणीतल्या वैष्णवीनं त्याच्या तळहातावर एक डबी ठेवली.

"सर, ही बघा."

डबी कोमट होती.

"आत्ताच केलेली असेल."

"कालची आहे. राजेश्वरीताईंची."

त्यानं थर्मामीटर लावला. खोलीचं तापमान तेच डबीचं. हातात घेतली की मात्र नुकतीच कुणाच्या तरी मुठीतून सुटल्यासारखी लागायची. त्यानं वैष्णवीला डोळे मिटायला लावले, ट्रे आलटूनपालटून पुढे केले. दर वेळी तिनं राजेश्वरीची डबी अचूक उचलली. नीळकंठच्या डब्या नुसत्या गार होत्या, धातू असतो तशा.

मग सगळ्यांना नादच लागला. चहा घेऊन येणारी छबूबाईसुद्धा तिची एखादी नमुन्याची डबी गालाला लावायची. "पोरीच्या हातात माया हाय," म्हणायची. मोठी ऑर्डर यायची होती, कुणा एकाला विभागप्रमुख करायचं होतं, आणि अद्वय सरांच्या तोंडी एकच नाव होतं.

नीळकंठ काम करायचा, पण नजर काचेपलीकडे जायची. तिची वाकलेली मान, तो निवांतपणा. लेसरचा ठिपका पडे आणि त्याच्या मनात तिचं नाव उमटे. पुन्हा ठिपका, पुन्हा नाव. अशा डब्यांमागून डब्या त्यानं बंद केल्या.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना त्यानं तिची एक नमुन्याची डबी कापली.

आत काहीच नव्हतं. फक्त उबदार हवेची झुळूक तोंडावर आली, आणि क्षणभर त्याला वाटलं, कुणीतरी खूप आपुलकीनं आपली वाट बघतंय. मग ते विरलं. ते आपल्यासाठी नव्हतंच, हे त्याला लख्ख कळलं.

राजेश्वरी दारात उभी होती.

"कापलीत व्हय, सर?"

"नमुना कापायचाच असतो." तो म्हणाला. "तू करतेस तरी काय?"

"काय न्हाय. ज्याच्या छातीत जाणार त्याला मनात आणते. नाव-गाव ठावं न्हाय, तरी आणते."

तिनं त्याच्या ट्रेमधल्या एका डबीला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

"सर, बंद करताना मन कुठं हाय, तेवढं बघत जावा."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आईपाशी राहते, असा निरोप आला.

त्याच आठवड्यात वैष्णवी धावत आली. "सर, तुमच्यासुद्धा!"

त्यानं डबी मुठीत घेतली. उबदार होती. राजेश्वरीच्या डबीहून जास्तच. त्याला हसू आवरेना. तोच प्रमुख झाला, पेढे वाटले, माल रवाना झाला.

पुढच्या उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं, पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं, त्या दिवसांतली गोष्ट. भर दुपारी वॉचमननं नीळकंठला गेटवर बोलावलं. धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. नाव सावळाराम, माळशिरसकडचे.

"हितं राजेश्वरी म्हणून कोण हाय?"

"तुमची कोण लागते?"

"कोण न्हाय. कधी बघितलीबी न्हाय. हितं कुणी धाडलं, तेबी सांगता यायचं न्हाय." म्हाताऱ्यांनी सदऱ्याची गुंडी सोडली. डाव्या खांद्याखाली कातडीला डबीएवढा फुगवटा होता. "हे बसवल्यापासनं तिचं नाव ऐकू येतंय. आन् तिचं बरं चाललेलं बघवंना झालंय."

आवाज शांत होता. डोळे मात्र शांत नव्हते.

"ती इथं नसते."

"मग कुठं ऱ्हाती?"

सांगायचं नाही, असं नीळकंठनं ठरवलं.

"पळसदेवला," तो म्हणाला.

म्हाताऱ्यांनी मान डोलावली आणि मागं वळून बघितलं.

रस्त्यापलीकडे लिंबाखाली काही बायामाणसं बसली होती. एकमेकांच्या ओळखीची दिसत नव्हती. ती सगळी एकदमच उठली, डाव्या खांद्याखाली हात दाबून धरत, आणि पळसदेवला जाणाऱ्या एसटीकडे चालू लागली.