कुणीच न लावलेली पट्टी

विश्वास ठेवा नाहीतर सोडा. पण मुन्जिया माझी सख्खी चुलत बहीण, आणि तिखटमीठ लावून सांगणं तिच्या स्वभावात नाही.

जेर्बा बेटावरचं हूमत सूक गाव. २०१९ चा सप्टेंबर. मंगळवारी दुपारी दोनला घडलं हे. लख्ख उन्हात.

शाळेत शिकवून आली की मुन्जिया एका अरबी संकेतस्थळाचं फुकट काम करायची. चटई कशी विणावी, नळ कसा बसवावा... कुणीही येऊन तिथे लिहावं. एक यंत्र प्रत्येक लेख तपासून त्यावर पट्टी लावायचं. 'अपुरा'. 'चित्र नाही'. 'फार लांब'. लेख दुरुस्त करून पट्टी काढणं हे मुन्जियाचं काम.

रोज शंभर पट्ट्या. चार वर्षं.

शेवटी शेवटी ती वाचायचीही नाही. नुसती काढत जायची.

त्या दुपारी एका लेखावर वेगळीच पट्टी दिसली...

'एक पायरी सुटली आहे.'

लेख होता अंगणातला पावसाच्या पाण्याचा हौद कसा साफ करावा याचा. लिहिणारे आमच्या गावातले सालहकाका. जन्मभर हौद साफ केलेला माणूस. त्यांना वारून दोन वर्षं झालेली.

तिने पट्टी काढली.

पट्टी परत आली.

पुन्हा काढली. पुन्हा आली. चार वेळा.

वैतागून तिने राजधानीत, ट्युनिसला हाश्मीला फोन लावला. यंत्र तोच सांभाळायचा. तो म्हणाला, "ताई, यंत्र सकाळपासून बंद आहे. आणि असली पट्टी त्यात नाहीच. झोप जरा."

मग तिने पहिल्यांदा लेख नीट वाचला. जुने बदल उघडले.

एक पायरी खरंच गेली होती. 'झाकण काढून दिवसभर थांबा. आत वाईट हवा असते. एकट्याने उतरू नका.'

काढणारीचं नाव... मुन्जिया.

वर्षापूर्वी यंत्राने 'फार लांब' म्हटलं होतं. तिने थकल्या हाताने मधली एक पायरी कापली होती.

लेखाखाली झरझीस गावच्या कुणा लोत्फीने नुकतंच लिहिलं होतं, "झाकण काढलं, शिडी लावली. उतरतो आता."

सहा मिनिटांपूर्वी.

तिने लिहिलं, "थांबा. उतरू नका." पायरी जागेवर घातली. पट्टी आपोआप गेली.

मग ती पान परत परत उघडत राहिली.

दहा मिनिटं. वीस. चहा समोर गार झाला.

मग लोत्फीचं उत्तर आलं.

"तुमचं आत्ता वाचलं. मी दोन पायऱ्या उतरलो होतो. खालून कुणीतरी खोकलं. म्हाताऱ्याचा आवाज होता. म्हणाला, वर जा पोरा. हौद वर्षभर बंद होता, बाई. घरात मी एकटाच."

मुन्जिया रडली नाही. तिने फक्त लेखाच्या बदलांची नोंदवही पुन्हा उघडली. पट्टी कुणी लावली ते तिला पाहायचं होतं.

पट्टी लावल्याची नोंदच नव्हती. एकदाही.

काढल्याची होती. चार वेळा, तिच्या नावाने.

काम तिने सोडलेलं नाही. आता दिवसाला दहाच लेख होतात. प्रत्येक पायरी ती बोट ठेवून मोठ्याने वाचते.

मधेच थांबते कधी. कुणी खोकलं का, म्हणून शेजारी बसलेल्या मला विचारते.

मी नाही म्हणते.