बाटलीतला कापूस

चष्मा मोडला तो नेमका कामाच्या गर्दीत. काज-बटणं करणारीला सुईचं नेढं दिसेना म्हटल्यावर करणार काय बिचारी? भिजत भिजत ती चष्म्याच्या दुकानात शिरली. रुमाल काढताना पिशवी निसटली आणि गोळ्यांची बाटली घरंगळत थेट चष्मेवाल्याच्या पायाशी गेली.

त्याने ती उचलली. बाटली भरलेली, पण आवाज नाही. तो जरासा थबकला, मग मुकाट्याने ती तिच्या पिशवीत ठेवली. तिचं काम अडलंय हे ऐकून म्हणाला,

"उद्या या. तोवर काज वाकडं झालं तर माझं नाव सांगा."

"नाव कशाला? शिव्या कुणाला घालायच्या ते कळलंय मला."

झालं. त्यानंतर चष्म्याची काडी दर आठवड्याला सैल होऊ लागली. आतल्या खोलीत काचा पुसणारी त्याची आई नुसती गालात हसायची.

तीन महिन्यांनी मात्र ती आली तीच पडल्या चेहऱ्याने.

"आता येणार नाही मी."

"काडी घट्ट बसली वाटतं..."

"मला एचआयव्ही आहे. जन्मापासून. आई गेली तेव्हा या गोळ्या मिळतच नव्हत्या. मला मिळाल्या, म्हणून..."

"ठाऊक आहे."

तिने पिशवी छातीशी धरली. "कुणी सांगितलं?"

"कापसानं. बाटली वाजू नये म्हणून माझी ताईही अस्साच कोंबायची. सासरी पाहुणे महिनाभर राहिले, तर बाटली बाहेरच काढली नाही तिने. मग सुटल्या त्या सुटल्याच. ती गेली तेव्हा गोळ्या घरात होत्या हो..."

"माझ्यापासून कुणाला होणार नाही. रक्तात विषाणू सापडतही नाही आता. पण गोळ्या देणारं केंद्र आता आठवड्यात एकच दिवस उघडतं. पुढे चालू राहील का, कुणी सांगत नाही. उद्या गोळ्याच बंद झाल्या तर? एकदा सोसलंत तुम्ही... पुन्हा कशाला?"

त्याने हातातला चष्मा खाली ठेवला. "भीती वाटते. खोटं कशाला बोलू? पण तुमच्याशिवाय करमत नाही, त्याला काय करू? रांगेत उभा राहीन, भांडेन. फक्त... तो कापूस काढा."

तिने बाटली उघडून कापूस ओढला. झाकण लावताना बाटली खुळखुळली.

आतून त्याची आई आली. बाटलीकडे बघत राहिली. डोळे भरले तिचे.

"किती वाजता घेतेस गं?"

"नऊला..."

"बरं. नऊला मी हाक मारत जाईन."