स्वतःसारखे उभे राहा

तुर्कस्तानातल्या इझ्मीरच्या पुनर्वसन रुग्णालयात त्या सकाळी पक्षाघाताचे सगळे रुग्ण खिडकीपाशी एकाच पद्धतीने उभे होते. हनुवटी किंचित वर, आणि ज्याचा जो हात चालत होता तो कमरेवर. डॉ. मुक्ता गोगटे दारातच हसू लागली. तिची आई सांगलीच्या शाळेत वर्गासमोर अगदी अशीच उभी राहत असे.

किमया आईचीच होती. पक्षाघातात मेंदूतली तोल सांभाळणारी यंत्रणा विस्कटली, तर पायांत ताकद असूनही माणूस कोसळतो. त्यावर मुक्ताच्या पुण्यातल्या गटाने ‘तोलबंध’ काढला. कमरेला बांधायचा हा पट्टा निरोगी माणसाच्या तोलाचा नमुना साठवतो आणि त्याबरहुकूम रुग्णाच्या स्नायूंना सूक्ष्म विद्युत इशारे देतो. थोडक्यात, उसना तोल. पहिला नमुना मुक्ताच्या आईने दिला आणि तोच देशोदेशी गेला.

पट्टा लावल्यावर रुग्णाला काय काय जमतं, हे तपासणारी पुण्याची चाचणी तुर्की भाषेत आणायला मुक्ता इथे आली होती. नुसतं भाषांतर पुरेना. जमिनीवरची पेन्सिल उचला म्हटलं, की रुग्ण म्हणत, “राहू दे, मुलगा उचलेल.” इथला फिजिओथेरपिस्ट सेलीम म्हणाला, “पावाचा तुकडा ठेवू या. पाव आम्ही पायाखाली राहू देत नाही.” रुग्ण लगेच वाकले. तुकडा उचलून त्यांनी ओठांना, मग कपाळाला लावला आणि खाली टाकल्याबद्दल मुक्तालाच रागावले.

शेवटची सूचना मराठीत होती, ‘नेहमीसारखे उभे राहा.’ तुर्कीत सेलीमने ती ‘स्वतःसारखे उभे राहा’ अशी केली. कानाला ती सहज वाटली, म्हणून मुक्ताने मान्य केली.

ती ऐकून रुग्णांपैकी नेर्मिन हानम मात्र अडल्या. हानम म्हणजे आपल्याकडच्या बाईंसारखं. बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. त्या आरशात बघत राहिल्या.

“डॉक्टर,” त्यांची मुलगी फेरीदे म्हणाली, “आई उभी राहिली याचा फार आनंद आहे. पण लांबून ती मला ओळखू येत नाही.”

“कारण ती माझी आई आहे,” मुक्ता ओशाळून म्हणाली आणि तिने सगळं समजावून सांगितलं.

“त्यांना माझा सलाम सांगा,” नेर्मिन हानम हसल्या. “फार ताठ बाई. पण माझा स्वतःचा तोल कुठे मिळेल?”

“आजाराआधी नोंदवला असता तर मिळाला असता. आता नाही. पण मुलं उभं राहणं, चालणं घरातच उचलतात. तुमच्या सगळ्यांत जवळचा तोल फेरीदेचा असेल.”

पुढच्या आठवड्यात फेरीदेचा नमुना तोलबंधात भरला. नेर्मिन हानम उठल्या, डावा खांदा झुलवत भिंतीपर्यंत गेल्या आणि आधाराशिवाय वळल्या. फेरीदेचे डोळे भरून आले. “हीच माझी आई.”

नेर्मिन हानमनी आरशात पाहिलं आणि त्या इतक्या हसल्या, की सेलीमला खुर्ची आणावी लागली.

“ही मी कुठली?” त्या म्हणाल्या. “ही माझी सासू. मी दिवसभर दुकानात, पोर आजीच्या मागे मागे फिरायची. हा खांदा तिचाच.”

“नाही गं आई,” फेरीदे म्हणाली. “आजी गेली त्यानंतर तूही अशीच चालायचीस. आजारी पडेपर्यंत.”

नेर्मिन हानम हसायच्या थांबल्या. “मग त्याआधी मी कशी चालायचे?”

फेरीदेला आठवेना. नमुना मोजता येत होता, तो मुळात कोणाचा हे सांगणारं यंत्र कुठेच नव्हतं.

“पट्टा काढू का?” मुक्ताने हळूच विचारलं.

“नको. बागेत जाऊन चहा प्यायचाय मला.” त्यांनी लेकीचा हात धरला. “म्हातारी आयुष्यभर माझ्याशी भांडली. आता माझ्या पायांनी फिरू दे तिला.”

दोघी एकाच झोकात बाहेर पडल्या. पाठमोऱ्या त्यांच्यातली रुग्ण कोण, ते ओळखू येत नव्हतं.

“शेवटच्या सूचनेचं काय करायचं?” सेलीमने विचारलं.

मुक्ताने सूचनांचा कागद पुढे ओढला.

“‘उभे राहा’,” ती म्हणाली. “फक्त एवढंच ठेव.”