चौथा पट्टा

रविवारी सकाळी तिघं मित्र अव्हेन्यू रोडच्या मागल्या जुन्या बाजारात गेले, ते धावत्या मोटरसायकलवर एकमेकांशी बोलता येईल असं काहीतरी शोधायला. गुंडोची जुनी बी.एस.ए., तिच्या डाव्या अंगाला जोडलेली साइडकार, आणि दर दसऱ्याला लांबचा प्रवास. गुंडो चालवणार, प्राणेश त्याच्या मागे, आणि भीमसेन साइडकारमध्ये फराळाच्या डब्यांना सांभाळत. त्या चार दिवसांच्या गप्पा तिघांना वर्षभर पुरायच्या.

यंदा मात्र गुंडोच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. त्याच्या बायकोनं, अंबूबाईंनी, स्वच्छ सांगून टाकलं होतं, "डावीकडचा रस्ता सांगणारं माणूस असेल तर जा. नाहीतर गाडी विका." डावीकडे बसायचा भीमसेन. त्यानं वहिनींना शब्द दिला होता. पण इंजिनाच्या धडधडीत त्याचं ओरडणं गुंडोच्या कानापर्यंत पोचायचं नाही.

प्राणेशनं एक युक्ती करून पाहिली होती. रबरी नळीच्या दोन टोकांना दोन नरसाळी. बोलणं काही ऐकू आलं नाही, गुंडोच्या कानाला मात्र दोन दिवस रॉकेलचा वास येत राहिला.

बाजारात लढाईतल्या सामानाचे ढीग पडले होते. दुकानदारानं आधी वायरलेस दाखवला.

"लायसन लागतं, स्वामी," तो हळूच म्हणाला.

"आणि उचलायला बैल लागतो," प्राणेश म्हणाला.

"तू आहेस की," गुंडो म्हणाला.

मग दुकानदारानं एक हिरवी लोखंडी पेटी ओढून काढली. रणगाड्यातल्या माणसांनी आपसांत बोलायची. कानाला लावायचे चार जोड आणि गळ्याला बांधायचे चार चामडी पट्टे. पट्ट्यात दोन काळ्या चकत्या होत्या. त्या तोंडचा आवाज घेत नसत, गळ्यातली थरथर घेत. त्यामुळे वाऱ्याचा त्रास नाही.

"पट्टा गळ्याला नसला की मुका," दुकानदार म्हणाला.

तीन जोडांच्या वायरी पेटीतून काढता-घालता येत होत्या. चौथी आत पक्की जोडलेली होती, काही केल्या निघेना.

"असू दे," प्राणेश म्हणाला आणि पेटी साइडकारमध्ये बसवल्यावर त्यानं तो चौथा पट्टा मागच्या जादा चाकाला अडकवून टाकला.

पुढच्या रविवारी आनेकलपर्यंत जाऊन बघायचं ठरलं. जाताना सगळं झकास झालं. भीमसेन मन लावून सांगत होता, "डावीकडे सायकल... खड्डा... आता मोकळं." गुंडो खुशीत शीळ घालत होता आणि ती शीळसुद्धा गळ्यातून घोगरी होऊन तिघांच्या कानात वाजत होती. आनेकलच्या तळ्याकाठी चिंचेखाली बसून त्यांनी अंबूबाईंनी दिलेला चित्रान्नाचा पिवळा भात खाल्ला, ताक प्यायले. गुंडो म्हणाला, "दसऱ्याला थेट कोल्हापूर. काय?" त्याचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला होता.

परतताना ऊन कललं होतं. पोट भरलेलं, साइडकारची गादी मऊ, अंगावर गार वारा. भीमसेनला कधी डुलकी लागली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

गाडी थांबल्यावर तो दचकून उठला. बोम्मसंद्र्याची कॉफीची टपरी होती. म्हणजे आनेकलपासून इथवर गुंडो एका डोळ्यावर आला होता!  त्यानं खाली पाहिलं. त्याच्या पट्ट्याची वायर पेटीतून निघून मांडीवर पडली होती.

"गुंडो, अरे, मी..."

"बोलू नको!" गुंडोनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. "काय काम केलंस, भीमण्णा! त्या वळणावर डावीकडून बैलगाडी आली. तू बोलला नसतास तर आत घुसलो होतो."

"आणि फांदी," प्राणेश म्हणाला. "'प्राणेश, मान खाली घाल' म्हणालास म्हणून ही टोपी डोक्यावर आहे. टोपी काय, डोकंच."

भीमसेन हसला नाही. "मी... बोललो?"

"सारखा बोलत होतास. स्वल्प जास्तच."

कॉफीचा पेला त्याच्या हातात तसाच निवला. खरं सांगावं असं वाटत होतं, पण गुंडो इतका खूश होता की जीभ उचलेना. घरी गेल्यावर वहिनींसमोरच सांगू, त्यानं ठरवलं. गाडी गेली तर गेली. माणूस जायला नको.

त्यानं वायर नीट घट्ट बसवली, पट्टा आवळला, आणि डोळे ताणून बसला.

अंधारून आलं. रस्त्याच्या कडेच्या शेतांतून ओल्या मातीचा वास येऊ लागला. पुढच्या दिव्याचा पिवळा तुकडा तेवढा रस्त्यावर धावत होता. मग त्या मातीच्या वासात दुसरा एक वास मिसळला... तापलेल्या लोखंडाचा, जुन्या तेलाचा. भीमसेननं समोर खड्डा पाहिला, सांगायला तोंड उघडलं...

"डावीकडे खड्डा. हळू," कानात आवाज आला.

आवाज त्याचाच होता.

त्यानं बोटं गळ्यावर ठेवली. गळा स्वस्थ होता.

"आता मोकळं... पुढे म्हैस आहे... थांब जरा... हं, जाऊ दे." तेच शब्द, तीच त्याची सावकाश बोलण्याची ढब. भीमसेनला म्हैस दिसली ती बऱ्याच वेळानं.

त्यानं हळूच मान मागे वळवली. जादा चाकावर सैल टाकलेला पट्टा आता सैल नव्हता. चाकापासून वीतभर वर, काही नसलेल्या जागी, तो गोल ताणून बसला होता. आणि त्यातल्या चकत्या बारीक थरथरत होत्या.

"कोण...?" भीमसेन पुटपुटला.

 मग त्याच्याच आवाजात, फार मायेनं, "तू नीज, भीमसेना. दमलास. रस्ता मी बघतो."

गुंडो खो खो हसला. "आता स्वतःलाच निजवतोस होय रे!"

भीमसेननं पुन्हा मागे पाहिलं नाही. घर येईपर्यंत तो देवाचं नाव घेत होता, तेही मनात, कारण गळ्याशी पट्टा होता.

चामराजपेठेत दारासमोर गाडी थांबली. अंबूबाई कंदील घेऊन बाहेर आल्या. गुंडो उतरायच्या आधीच बैलगाडीची गोष्ट सांगू लागला. भीमसेननं कानाचा जोड काढून साइडकारच्या गादीवर टाकलं, गळ्याचा पट्टा सोडला. प्राणेशनं पेटीची बॅटरी सोडवून उचलली आणि "भिजायला नको" म्हणत तो ती घेऊन ओट्यावर चढला.

"खरंच का, भावोजी?" अंबूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "कोल्हापूरला सुखरूप न्याल ना यांना? तुम्ही म्हणाल तसं."

भीमसेन पुढे झाला. मी झोपलो होतो, वहिनी, यांना जाऊ देऊ नका, असं सगळं त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं. त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्यातून काहीच निघालं नाही, साधी खरखरसुद्धा नाही.

त्याच्या पाठीमागून, गादीवर पडलेल्या त्या कानाच्या जोडातून, त्याचाच सावकाश आवाज आला.

"सरी, नेतो वहिनी. मी आहे ना डावीकडे."

अंबूबाई कंदिलाच्या उजेडात भीमसेनच्या तोंडाकडे बघून समाधानानं हसल्या, आणि कॉफी ठेवायला आत वळल्या.