सात नंबरची रानमटकी

थरच्या वाळवंटातल्या त्या प्रयोगशाळेत डॉ. हेमांगी टिपणीसपुढं आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. गुरवसरांची तेवढी होती. ते तिचे गुरू.

"हेमा, हट्ट सोड," ते म्हणाले. "उद्या आठ राज्यांच्या ताटात पडायचंय ते हेच कडधान्य. एवढ्या वाळवंटात रानमटकीला शेंगा धरतात त्या फक्त अकरा जागी. सगळ्यात जास्त सात नंबरच्या झुडपाला, आणि यंदा त्यालाच एक शेंग नाही. खालची माती बघायलाच हवी."

"शेंगा बारा वर्षं खुशाल तोडू दिल्या ना, सर? खाली कुदळ लावायची नाही."

खाली तिची लेक इरा पुरलेली होती. पाच महिन्यांची. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात तापानं गेली. वस्तीतल्या मेंढपाळांनी आपल्या लेकरांशेजारी तिला जागा दिली होती.

"अकराही जागा लेकरांच्याच निघाल्या गं," सर हळूच म्हणाले. "कुदळ नको. हा मृदादर्शक न खणता आतलं दाखवतो."

ती कबूल झाली. खरं तर तिलाही एकदा बघायचं होतं.

सात नंबरपाशी मृदादर्शक ठेवला, तर पडद्यावर नुसती वाळू दिसली. ती खाली बसून पडद्यावर वाकली.

"कोल्ह्यांनी उकरलं?"

"नाही, माती जागची हललेली नाही." सर तिच्याजवळ खाली बसले. "मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात. त्यासाठी स्फुरद, म्हणजे फॉस्फरस लागतं, आणि या वाळूत ते औषधालाही नाही. हाडांत असतं. मुळं आम्ल सोडतात, हाडं विरघळवतात, स्फुरद वर ओढतात. ते साठतं बियांत. खालचं संपलं, म्हणून यंदा शेंगा नाहीत."

"म्हणजे इरा..."

"बियांत गेली, हेमा."

क्षणभर तिला बरंच वाटलं. इतकी वर्षं ती वाळूकडे बघून रडत होती, आणि पोर वर उन्हात डोलत होती!

"मग मूठभर बी द्या मला. घरी कुंडीत लावीन."

पण बोलता बोलता तिचं तिलाच आठवलं. बियांतलं स्फुरद मोजायचं तर बी भट्टीत जाळून राख तपासायची, हीच इथली पद्धत. सात नंबरचे आकडे सर्वांत चांगले यायचे, म्हणून दरवर्षी त्याचं सगळं बी, एकही दाणा मागं न ठेवता, तिनंच भट्टीत घातलं होतं.

"दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, सर," ती म्हणाली. "मी बारा वेळा दिला."