गाळणीतला आवाज

नगर-अर्थमंडळाच्या प्रयोगशाळेत प्रज्ञा सोनकांबळेने यंत्राचं झाकण लावलं. अकरा वर्षं ती इथली अर्थतज्ज्ञ, तरी पाहुणे आले की चहाचं तिलाच सांगत.

"ही ओळखगाळणी नेमकं करते काय?" तिचे वरिष्ठ डॉ. आगाशे यांनी विचारलं.

"माणूस गाळते, सर. नाव, आवाज, बोलण्याची ढब, घरदार. मूळ कागदही पुसून टाकते. उरतो तो मुद्दा, तो एकाच सपाट आवाजात ऐकू येतो."

"उपयोग?"

"नावडतीचं मीठ अळणी लागतं ना? मग वाढलं कुणी ते कळूच द्यायचं नाही."

आगाशे हसले. बिचारे मनाने वाईट नव्हते. पण तिचाच मुद्दा त्यांनी पुन्हा बोलून दाखवला की माना डोलत, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवशी मंडळाच्या सभेपुढे प्रश्न पाणीपट्टी वाढवण्याचा होता. प्रज्ञा आणि आगाशे, दोघांचे अहवाल गाळणीत गेले. प्रज्ञाची आई भाजी विकायची. बायका आता पाव किलोऐवजी दोनच टोमॅटो मागतात, असं आईने सांगितलेलं तिने लिहिलं होतं. गाळणीने आई काढली, टोमॅटो ठेवले.

"खालच्या वस्त्यांची खरेदी आटली आहे," सपाट आवाज म्हणाला. "पट्टी वाढवाल तर बाजार बसेल."

मग त्याच आवाजाने 'पट्टी वाढवा' म्हणणारा दुसरा अहवालही वाचला. वाढ एकमताने रद्द झाली. "आगाशे, मानलं बुवा!" अध्यक्ष निंबाळकर म्हणाले.

"अहो, तो माझा नाही. मी वाढवाच म्हटलं होतं."

दोनातून एक वजा करायला अर्थशास्त्र लागत नाही. पण एकाचीही नजर प्रज्ञाकडे वळेना. ती उठली. "माझा आहे, साहेब."

निंबाळकर मायेने हसले. "बाई, यंत्र तुम्ही बनवलंत, कौतुकच आहे. पण म्हणून त्याच्या अकलेवर हक्क सांगू नका."

"त्याला कुठली आलीय अक्कल? ते नुसतं गाळतं हो!"

"काहीतरीच! केवढ्या अधिकाराने बोललं ते!"

आगाशेंनीही मान डोलावली. यंत्राला मुख्य सल्लागार नेमून सभा उठली. "पुढच्या वर्षीच्या पट्टीचं त्याला विचारून ठेवा हं," अध्यक्ष जाता जाता तिला म्हणाले.

प्रज्ञा एकटीच उरली. रडू आलं, ते तिने येऊ दिलं. मग लिहायला घेतलं, 'आज आई सांगत होती...' आणि कागद गाळणीत सरकवला.

सपाट आवाज रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवू लागला. त्यात आई नव्हती, आणि प्रज्ञा तर नव्हतीच.